आधी पाणी अडवा, मग ढेप टाका : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेततळ्याच्या तयारीवर लिहिलं होतं, त्यात तळ्यातले नको असलेले मासे मारायला वापरतात त्या मोहाच्या ढेपेचा उल्लेख फक्त एका ओळीत आला होता आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त प्रश्न त्या एका ओळीवरच आले. भंडाऱ्यापासून श्रीवर्धनपर्यंत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे, पहिलं उत्तर लांबलंय पण ते सगळ्यांनी वाचा कारण पुढच्या उत्तरांत तेच परत सांगत बसणार नाही.

प्रश्न : ताई, माझी पाऊण एकराची बोडी (छोटा तलाव) आहे. दरवर्षी रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतो पण जाळं ओढलं की निम्मी पण हाती लागत नाही, मरळ आणि मांगूरच निघतात. बोडी कधी पूर्ण आटत नाही, मधे गुडघाभर पाणी नि चिखल राहतोच. गावात म्हातारे म्हणतात मोहाची ढेप टाक, दुकानवाला म्हणतो फवारणीचं औषध देतो एका बाटलीत काम होते. काय करू, किती टाकू, आणि मेलेले मासे खाल्ले तर चालते काय? – शेतकरी, साकोली, जि. भंडारा

उत्तर : दादा, आधी ती बाटली दुकानात परत करून या. पिकावर फवारायचं कीटकनाशक तलावात टाकलं की मासे मरतात हे खरं, पण ते औषध चिखलात किती दिवस बसून राहील याचा भरवसा नाही, मेलेला एकही मासा खाण्यालायक राहत नाही, आणि गावची गुरं त्याच बोडीवर पाण्याला येतात. तुमच्या गावातले म्हातारे बरोबर सांगताहेत.

मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल काढल्यावर जी ढेप उरते (पश्चिम महाराष्ट्रात हिलाच पेंड म्हणतात) तिच्यात साधारण 4 ते 6 टक्के सॅपोनिन असतं. सॅपोनिन म्हणजे तेच ज्यामुळे रिठ्याला फेस येतो. पाण्यात विरघळलं की ते माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतं आणि रक्तातल्या लाल पेशी फोडतं, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो घेता येत नाही, मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो आणि काही तासांत उलटा होतो. आपण तोच मासा ताजा असताना काढून, साफ करून, नीट शिजवून खाल्ला तर चालतो कारण सॅपोनिन आपल्या आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. फक्त दुसऱ्या दिवशी फुगून वर आलेला मासा खाऊ नका, तो ढेपेमुळे नाही तर सडल्यामुळे पोट बिघडवेल.

आता माप. प्रमाण आहे 200 ते 250 पीपीएम, म्हणजे एक घनमीटर पाण्याला 200 ते 250 ग्रॅम ढेप. हेच पुस्तकात हेक्टरी 2000 ते 2500 किलो असं लिहिलेलं असतं, पण ते एक मीटर खोल पाणी धरून, आणि बरेच जण खोली न बघता नुसतं एकरावर गणित करतात आणि मग म्हणतात ढेपेनं काही होत नाही. तुमचीच बोडी घ्या. पावसाळ्यानंतर ती काठोकाठ भरलेली असते, पाऊण एकर म्हणजे अंदाजे 3000 चौरस मीटर, सरासरी खोली दीड मीटर धरली तर 4500 घनमीटर पाणी झालं आणि ढेप लागेल 1125 किलो. तीच बोडी मेमधे आटून पाणी समजा 1500 चौरस मीटरवर उरलं आणि सरासरी 40 सेंटिमीटर खोल असलं तर 600 घनमीटर, ढेप 150 किलो. कुठे 1125 आणि कुठे 150! म्हणून हे काम उन्हाळ्यातच करायचं, आणि टेप घेऊन स्वतः पाण्यात उतरून चार-पाच ठिकाणी काठी बुडवून खोली मोजायची, नजरेनं अंदाज नको. मरळ-मांगूर जास्त आहेत म्हणता तर 250 चं प्रमाण धरा, हे दोन्ही मासे वर येऊन हवा घेतात आणि त्रास वाटला की चिखलात शिरून बसतात, त्यामुळे ढेप टाकल्यावर जाळं दोन-तीनदा ओढून तळ ढवळावा लागतो.

टाकायची कशी ते सांगते. ढेप फोडून बारीक करायची, ड्रममधे किंवा टाक्यात रात्रभर भिजत घालायची. सकाळी त्यावर तपकिरी फेसाचा जाड थर आलेला असतो आणि एक कडवट उग्र वास सुटलेला असतो, हाताला बुळबुळीत लागतं. हा फेस चांगलं लक्षण आहे. फेस धरतच नसेल तर ढेप जुनी किंवा भेसळीची असू शकते, विकत घेतानाच मूठभर ढेप पाण्याच्या बाटलीत घालून जोरात हलवून बघत जा. मग घमेल्यानं सगळ्या पाण्यावर सारखी मारायची, काठाकाठानं टाकून मोकळं व्हायचं नाही, मधल्या खोलगट भागात डोंगा किंवा ट्यूब घेऊन जायचं. आधी खवली आणि बारकी मासोळी वर येते, मग चिलापी, मरळ सगळ्यात शेवटी.

यानंतर पाण्यात विष साधारण 15 ते 20 दिवस राहतं. तेवढे दिवस गुरं पाण्यावर सोडायची नाहीत, चार माणसांना सांगून ठेवायचं. तीन आठवडे झाले की ढेप कुजून खत होते, हाच तिचा मोठा फायदा, शेणखताचा पहिला डोस तुम्ही अर्ध्यावर आणू शकता. बीज सोडायच्या आदल्या दिवशी पाण्यात छोटा हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधा आणि त्यात दहा-पंधरा बोटुकली 24 तास ठेवा. सगळी जिवंत आणि चपळ असली तरच बाकीचं बीज आणायला गाडी पाठवा.

आणि आता जे मला खरंच कळकळीनं सांगायचंय ते. ढेप टाकण्याआधी बोडीचं पाणी कुठून बाहेर जातं ते बघा. मी या कामात नवीन होते तेव्हा एका जुन्या तलावावर आम्ही सगळं मापात केलं, ढेप भिजवली, मारली, संध्याकाळी खूश होऊन घरी गेलो. तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं तळाचं तोंड) बंद आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, हात घालून कुणी बघितलं नाही. खालून बारीक धार चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या नाल्यात शंभर-दीडशे पावलं चालत गेले तर दगडांच्या सांदीत पांढरी पोटं वर करून पडलेली मासोळी, झिंगे मात्र चालत होते, आणि एक आजीबाई त्या नाल्यावर भांडी घेऊन उभी होती ती मला विचारते, पाण्याला काय झालं बाई? मला काय बोलावं कळेना. आम्ही चिखलमाती लावून तुडूम बुजवलं, नाल्यावर दोन दिवस माणूस बसवला. तेव्हापासून मी ढेपेचं माप सांगण्याआधी पाणी बांधलेलं आहे का ते विचारते. तुम्ही पण तुडूम, सांडवा, उंदरांची बिळं सगळं तपासा, आणि काम मेच्या मध्यात उरका, मृगाचा पाऊस येऊन बोडी वाहायला लागली तर तुमचं विष शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत जाईल.

प्रश्न : आमचा वनामी कोळंबीचा एक एकराचा तलाव आहे, खाडीचं पाणी घेतो. कोळंबी सोडून महिना झाला आणि आता जाळ्यात जिताड्याची पिल्लं, बोई आणि चिलापी दिसायला लागल्येत. कोळंबी असताना मासे मारता येतात का? कुणी चहाच्या पेंडीचं सांगितलंय. – श्रीवर्धन, जि. रायगड

उत्तर : येतात, आणि चहाची पेंड त्याच्यासाठीच वापरतात. आपण पितो त्या चहापत्तीचा चोथा नव्हे हं, चहाच्याच जातीच्या झाडांच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेली पेंड, ती बरीचशी चीनमधून येते. तिच्यात 10 ते 15 टक्के सॅपोनिन असतं, मोहाच्या दुप्पट-तिप्पट.

कोळंबी का मरत नाही, तर माशाचं रक्त आपल्यासारखं लाल पेशींचं, लोहाचं. कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्य तांब्याचं असतं आणि लाल पेशी नसतातच, त्यामुळे सॅपोनिनला फोडायला काही मिळत नाही आणि ज्या डोसला मासा मरतो त्याच्या कितीतरी पट जास्त डोस कोळंबी सहन करते. पण सहन करते म्हणजे वाटेल तेवढं टाका असं नाही. खाऱ्या पाण्यात 15 ते 20 पीपीएम पुरतं, पाणी जितकं खारं तितका पेंडीचा असर जास्त, पावसाळ्यात पाणी गोडं झालं की थोडी जास्त लागते. एक एकर म्हणजे 4000 चौरस मीटर, एक मीटर पाण्याला 20 पीपीएमनं 80 किलो. पाणी अर्ध्यावर आणलंत तर 40 किलो. पेंड दळून रात्रभर भिजवायची, गाळून पाणी तलावभर मारायचं, आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) चालूच ठेवायचे. मासे मरून तळाशी सडले की ऑक्सिजन ओढतात, आणि कोळंबी पेंडीनं मरत नाही ती त्या रात्री ऑक्सिजन संपून मरते, आणि दोष पेंडीला जातो. मेलेले मासे लगेच काढा. पेंडीनंतर बऱ्याच कोळंब्या कात टाकतात, तेव्हा दोन-तीन दिवस खाद्य कमी उचललं जाईल, घाबरू नका.

खेकडे याने जाणार नाहीत, ते कोळंबीचेच भाऊबंद, त्यांच्यासाठी बांधावर जाळीचं कुंपण लागतं. आणि निदान काही दिवस तलावाचं पाणी खाडीत सोडू नका, बाहेर कोळी लोकांची जाळी लागलेली असतात. पुढच्या वेळी पाणी घेताना पाइपला बारीक जाळीची पिशवी बांधा, जिताड्याचं पिल्लू पाण्याबरोबरच येतं.

प्रश्न : आमच्या दोन म्हशी खंगत चालल्या होत्या, जबड्याखाली पाण्याची गाठ आल्यासारखी सूज. डॉक्टरांनी शेण तपासून लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा कृमी) सांगितलं आणि म्हणाले पाण्यातल्या गोगलगायींमुळे होतं. घरामागच्या व्हाळात (ओढ्यात) आणि वाफ्यात बारक्या गोगलगायी खूप आहेत. रिठ्याचं किंवा निंबोळीचं पाणी करून व्हाळात ओतलं तर मरतील का? – संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : वहिनी, मरतील, आणि तरीही व्हाळात ओतू नका. दोन्ही कारणं सांगते.

रिठा, शिकेकाई, हिंगणबेट या सगळ्यांत सॅपोनिन आहे आणि गोगलगायींवर ते चालतं. यातली सगळ्यात मोठी गोष्ट इथिओपियातली आहे. 1964 साली अकलिलू लेम्मा नावाचा तिथला तरुण शास्त्रज्ञ अडवा गावाजवळ गोगलगायींचा अभ्यास करत होता, कारण तिथे गोगलगायीतून माणसाला होणारा शिस्टोसोमियासिस नावाचा रोग घराघरात होता, त्यातल्या एका प्रकारात लघवीतून रक्त जातं. त्याला दिसलं की ओढ्यावर बायका कपडे धुतात त्याच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायींचा खच आहे आणि वरच्या अंगाला मात्र जिवंत. त्या बायका साबणाऐवजी एंडोड नावाच्या झुडपाची सुकी फळं कुटून वापरत होत्या, आपल्याकडे रिठा वापरतात तशी. पुढे त्यावर वर्षानुवर्षं काम झालं आणि 1989 मधे त्याला आणि लेगेसे वोल्दे-योहानेस या त्याच्या सहकाऱ्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मला यातलं सगळ्यात काय आवडतं तर शोध प्रयोगशाळेत लागला नाही, धुणं धुणाऱ्या बायकांच्या खालच्या पाण्यात लागला.

तुमच्या जिल्ह्याचाही याच्याशी संबंध आहे. 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हाच लघवीतून रक्त जाणारा रोग सापडल्याची नोंद झाली, भारतात अशी जागा जवळजवळ नाहीच, आणि तिथेही एक इवलीशी पाण्यातली गोगलगाय मधली वाहक होती. तुमच्या म्हशींचा कृमी वेगळा आहे, घाबरून जाऊ नका, मधला मार्ग तेवढा सारखा.

आता व्हाळात का नको. एक तर वाहतं पाणी, तुम्ही ओतलेलं दहा मिनिटांत खालच्या वाडीत, तिथले मासे मरणार आणि तुमच्या गोगलगायी वाचणार. दुसरं म्हणजे गोगलगायीची अंडी चिकट जेलीत असतात, झाडपाल्याच्या अर्कानं ती सहसा मरत नाहीत, त्यामुळे परत परत टाकावं लागतं, आणि जेवढ्यांदा टाकाल तेवढ्यांदा बेडूक-मासे जातात जे डासांच्या अळ्या खातात. बांधलेल्या डबक्यात एखादवेळी ठीक, व्हाळात नाही.

त्याऐवजी असं करा. फ्लूकची अंडी शेणातून पाण्यात जातात, तिथे पिल्लू गोगलगायीत शिरतं, आत एकाचे शेकडो होतात, बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात आणि म्हैस ते गवत खाते. साखळी कुठेही तोडता येते. म्हशी व्हाळाच्या काठावर चरायला सोडू नका, तिथलं गवत कापून वाळवून घाला (नुसतं दोन दिवस नाही, चांगलं खडखडीत वाळू दे), पाणी बादलीनं किंवा टाकीतून पाजा, ताजं शेण वाफ्यात न टाकता गायरीत (शेणाच्या खड्ड्यात) कुजवा. दोन-चार बदकं पाळा, वाफ्यातल्या गोगलगायी ती आवडीनं वेचतात. आणि जंताचं औषध डॉक्टरांना विचारून पावसाळ्यानंतर सगळ्या गोठ्याला एकदम द्या, एकीला दिलं आणि दुसरीला राहिलं तर चक्र चालूच राहतं. हे सगळं केलंत तर रिठा केसांना लावायला उरेल.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात नदीच्या डोहात झाडाची साल ठेचून टाकतात आणि मासे धरतात, आजोबांपासून चालू आहे. केमिकल नाही, ब्लिचिंग नाही, मग याला विरोध का करतात? – कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंय म्हणून मी पण स्पष्ट सांगते. सह्याद्रीत रामेठा, गेळफळ, कुंभा, हिंगणबेट अशी कितीतरी झाडं या कामाला वापरली जायची, ते ज्ञान खरं आहे आणि ते लिहून ठेवायला हवं. पण नदीत विष टाकून मासे मारणं हा गुन्हा आहे, 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याचं पाचवं कलमच त्यावर आहे आणि त्यात विष झाडाचं की कारखान्याचं असा फरक केलेला नाही. महाराष्ट्राचा 1960 चा कायदाही आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, उन्हाळ्यात नदीची धार तुटते आणि वर-खालचे सगळे मासे त्या एका डोहात जीव धरून बसलेले असतात, पाऊस पडला की त्यांनीच पुढे अंडी घालून अख्खी नदी भरायची असते. तिथे साल टाकली की तुम्ही घरी नेता पाच किलो आणि मरतं ते बोटाएवढं पिल्लू सुद्धा. आजोबांच्या वेळी वर धरण नव्हतं, पाणी जास्त होतं, डोह खूप होते आणि माणसं कमी. महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड आहे, तिथे देवीचे म्हणून लोक महसीर मासे धरत नाहीत, माणसं काठावर बसून खायला घालतात आणि हातभर लांब मासे वर येतात. एकदा जाऊन बघा, न धरलेला डोह कसा दिसतो ते. गळ टाका, मोठ्या आसाचं (भोकांचं) जाळं टाका, मी कुणाच्या माशाच्या कालवणाच्या आड येत नाही. साल नको.

प्रश्न : ऑनलाइन डेरिस मुळीची पावडर मिळते, शंभर टक्के ऑरगॅनिक लिहिलंय. शेततळ्यात वापरू का? – नाशिक

उत्तर : त्या मुळीत रोटेनोन असतं, ते पेशीला ऑक्सिजन वापरूच देत नाही. मासे नक्की मरतात, जगात बऱ्याच देशांत परके मासे काढायला वापरलंय. पण हे सॅपोनिनपेक्षा वेगळं प्रकरण आहे, प्रयोगात उंदरांना सतत रोटेनोन दिल्यावर पार्किन्सनसारखी लक्षणं दिसलेली आहेत, त्यामुळे कोरडी पावडर उडवत, मास्क-हातमोज्यांशिवाय काम करणं फार धोक्याचं. तुम्हाला मोहाची पेंड मिळत असताना हे घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. आणि तुमच्या शेततळ्याला प्लास्टिक कागद असेल तर कुठलंच विष नको, पाणी द्राक्षांना देऊन टाका, तळं कोरडं करा, आठवडाभर ऊन खाऊ द्या.

प्रश्न : नर्सरीत मत्स्यजिरे (माशांची अगदी बारीक पिल्लं) सोडले की दोन-तीन दिवसांत निम्मे गायब, पाण्यात उलटे पोहणारे किडे खूप आहेत. – गोंदिया

उत्तर : ते किडेच खातात. यांना श्वासाला पृष्ठभागावर यावं लागतं, म्हणून तेल-साबणाचा जुना उपाय : हेक्टरी 56 किलो स्वस्त खाद्यतेल आणि 18 किलो कपड्याचा साबण. साबण गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात तेल घालून पांढरं होईपर्यंत घोटायचं, वारा नसलेल्या दिवशी पाण्यावर शिंपडायचं. एक गुंठ्याच्या नर्सरीला अंदाजे 560 ग्रॅम तेल आणि 180 ग्रॅम साबण. जिरे सोडायच्या 12 ते 24 तास आधी करा, तवंग मोडल्यावरच जिरे सोडा.

प्रश्न : गॅलरीत कमळाचा टब आहे, त्यात गप्पी मासे आणि खूप गोगलगायी. कडुनिंबाचा अर्क किती थेंब टाकू? – पुणे

उत्तर : एकही नको, एवढ्याशा पाण्यात आधी गप्पी जातील. रात्री काकडीची जाड चकती दोऱ्याला बांधून टबात सोडा, सकाळी तिच्यावर बसलेल्या गोगलगायींसकट वर काढा. आठवडाभर रोज केलंत तर फरक दिसेल, आणि काढलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा तळ्यात नेऊन टाकू नका.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना तीन गोष्टी नक्की लिहा : पाण्याची लांबी-रुंदी, चार ठिकाणी मोजलेली खोली, आणि पाणी कुठून येतं नि कुठे जातं. शेवटचं लिहिलेलं नसेल तर मी तेच विचारायला उलट पत्र पाठवेन आणि उत्तर एक महिना पुढे जाईल.